मिस्त्रीनं गाडी गप्प केली

मिस्त्रीला अख्खी गल्ली मिस्त्रीच म्हणायची. त्याचं खरं नाव गिरणीच्या हजेरीपटावर होतं, आणि गिरणी बंद पडली तेव्हा ते हजेरीपटासकट रद्दीत गेलं. बायकोला मग ओघानंच मिस्त्रीणबाई. कापडाच्या त्या गिरणीत तो माग दुरुस्त करायचा, ती माग चालवायची. दोघांची हाडं त्याच धडधडाटात पिकली.

एका छपराखाली सगळे माग एकदम चालू झाले की काय होतं, ते ज्यानं अंगावर घेतलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. जमीन थरथरते, दात थरथरतात, छातीत धडधडतंय ते आपलं की यंत्राचं हेही समजेनासं होतं. तिथं तोंडानं बोलणं म्हणजे पुरात ओंजळ ओतणं. म्हणून तिथली माणसं ओठ वाचतात. मिस्त्रीनं लग्नाची मागणी घातली तीसुद्धा ओठांनीच, दोन मागांच्या फटीतून. तिनं भुवया उडवून "काय?" म्हटलं. त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा "काय?" म्हटलं. घामाघूम होऊन त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा कुठं ती हसली.

"पहिल्याच खेपेला कळलं होतं मला," ती पुढं जन्मभर सांगायची. "पण इतकं गोड कोणी पुन्हा बोलेल याची खात्री काय? घेतलं वसूल करून."

त्या मागखात्याचा एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. यंत्राखाली शिरलेल्या माणसाला हात लावायचा नाही. तो दचकला तर बोटं जातात. आभाळ कोसळलं तरी उभं राहायचं आणि तो आपणहून बाहेर येईपर्यंत थांबायचं.

त्यांचा पहिला मुलगा, चिमण, पाच वर्षांचा होऊन तापात गेला. त्या दिवशी आई घरी होती, बाप कामावर. शेजारी धावत गिरणीत निरोप घेऊन आला, तेव्हा मिस्त्री एका मागाखाली पालथा पडून नट आवळत होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय. शेजाऱ्यानं हाक मारली, ती मागांनी गिळली. तो पायाला हात लावायला वाकला, तर खात्यातल्या दोघांनी त्याला धरून मागं ओढलं. कायदाच होता. तो बिचारा त्या पायांपाशी रडवेला होऊन उभा राहिला, आणि मिस्त्री आत आपलं काम चोख करत राहिला. त्याचं काम नेहमीच चोख असायचं. तो बाहेर आला, धावत घरी पोचला, तोवर उशीर झाला होता.

बऱ्याच दिवसांनी, घरातली माणसं पांगल्यावर, त्यानं बायकोला विचारलं, "शेवटी काही बोलला का गं?"

"बोलला. तुमच्यासाठीच बोलला. तुम्हाला सांग म्हणाला."

"काय?"

तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. जीभ रेटली नाही. "सांगीन," म्हणाली.

त्यानंतर लेक झाली, ती मोठी झाली, सासरी गेली. गिरणीला टाळं लागलं. पण ते सांगणं काही झालं नाही. दुखरा दात जसा माणूस जिभेनं चुकवतो, तसे दोघं ती जागा चुकवत राहिले.

आता गाडीचं. गिरणीचा मॅनेजर गाव सोडून गेला तेव्हा आपली जुनी मोटार मागं टाकून गेला. गोल नाकाची, फुगीर गालांची, पुढं चकाकती जाळी. चाकं जमिनीत रुतलेली, आत उंदरांचा संसार. मिस्त्रीनं ती ओढून आणली आणि गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून खिळा न् खिळा पुन्हा बसवला. ती चालायला लागली तेव्हा लोक बघायला जमले, आणि इंजिन सुरू होताच कानावर हात ठेवून घरोघर परतले. मागखातंच जणू चार चाकांवर निघालं होतं.

दर सुट्टीला दोघं त्या गाडीतून गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जायची. आणि गाडीत बसली की मिस्त्रीणबाईचा आवाज सुटायचा. घर दोन खोल्यांचं, भिंत फळ्यांची. इकडं कुजबुजलं की पलीकडून सल्ला यायचा. घरात ती मांजरीच्या पावलानं बोलायची. गाडीत मात्र इंजिनवर आवाज चढवून, हातवारे करत, गल्लीतल्या सगळ्यांची पिसं काढायची. जावयाच्या नकला करायची. मिस्त्री रस्त्याकडे बघत हसायचा. घरी समोरासमोर बसून त्या दोघांना मनातलं कधी बोलता आलं नाही. शेजारी शेजारी बसून, दोघांचे डोळे रस्त्यावर असले, की येत असे.

अशाच एका फेरीत त्यानं धीर करून विचारलं, "चिमण काय म्हणाला होता गं?"

ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "हे ओरडून सांगायचं नाही हो!"

"मग घरी सांग!"

"घरी तुमच्या तोंडाकडे बघून माझ्याच्यानं सांगवणार नाही! गाडीच बरी! पण आधी हिला गप्प करा!"

"करीन!" तो ओरडला.

करीन म्हणणारा माणूस आणि करणारा माणूस यांच्यामध्ये आयुष्य पडलेलं असतं. कधी गिअर बिघडला, कधी लेकीचं बाळंतपण आलं. गाडी धडधडत राहिली.

मग मिस्त्रीणबाईला पाणी पिताना ठसका लागायला लागला. बोलताना जीभ जड पडू लागली. "पहाटे गुत्त्यातून परतलेल्या दारुड्यासारखी बोलते की मी," म्हणून तीच आधी हसली. डॉक्टरांनी तिला जीभ बाहेर काढायला लावली, गाल फुगवायला लावले, आणि लेकीला अन् मिस्त्रीला बाहेर बोलावलं. जिभेच्या, ओठांच्या, घशाच्या नसा वाळत चालल्या आहेत, म्हणाले. आधी बोलणं जाईल, मग गिळणं.

"काही औषध?" लेकीनं विचारलं.

"बोलायचं ते आता बोलून घ्या," डॉक्टर म्हणाले. औषधाचं उत्तर तेवढंच.

घरी आल्यावर मिस्त्रीणबाई कॉटवर बसली, पाय हलवत राहिली, आणि शब्द एकेक उचलून ठेवावा तशी म्हणाली, "गाडी करा आता."

मिस्त्रीला कळलं. त्याला दुसरंही एक कळत होतं. गिरणीनं त्याच्या कानांतला बारीक आवाज कधीच चोरून नेला होता. भांडं पडलेलं ऐकू यायचं, कुजबुज नाही. इतके दिवस तिचे ओठ वाचून भागलं. आता ओठच नीट मिटत नव्हते. जे काही उरलं होतं ते तिच्या आवाजात, आणि तो आवाज रोज थोडा झिजत होता. गाडी अशी शांत व्हायला हवी होती की त्या झिजलेल्या आवाजातलाही एक शब्द निसटू नये.

गावात गाड्यांच्या सीटा आणि आतली अस्तरं शिवणारा एक कुशनवाला होता. तोंडात सदा दोऱ्याचं टोक, आणि टोकाच्या मागून टवाळी. मिस्त्रीनं त्याला शेडमध्ये आणलं. त्यानं गाडीच्या सीटा काढल्या, खालचा गालिचा उचलला आणि बोटाच्या पेरानं पत्रा ठोकत ठोकत सगळी गाडी फिरला. कुठं पत्रा घंटेसारखा वाजे, कुठं मडक्यासारखा.

"काका, ही गाडी नाही, बँडबाजा आहे," तो म्हणाला. "ऐका. जिथं पत्रा वाजतो तिथं चांदीचा कागद लावलेली रबराची चिकट शीट. सगळीकडे नाही, वाजतो तिथंच. त्यावर पाणी न पिणारा फोम. त्यावर लोकरीचा जाड नमदा. दारांना नवीन रबर. आणि सगळ्यात आधी इंजिनाच्या भिंतीतली भोकं बुजवायची. वायरी जातात ती, पेडल जातात ती. आवाज पाण्यासारखा असतो. बोटाएवढं भोक दिसलं की आत."

"किती वेळ?"

"ती रबराची शीट इथं मिळत नाही. मागवावी लागेल. महिना धरा."

महिना. मिस्त्रीनं त्या रबराचा एक नमुना हातात घेतला. पातळ, हलका, भाकरीच्या पापुद्र्यासारखा. गिरणीत एखादा माग जास्त धडधडला की त्याच्या पायाला लोखंडाचं वजन बांधत. माग गप्प व्हायचा. वजनाशिवाय आवाज दबतो यावर त्याचा विश्वास बसेना.

"हे काय दाबणार? मी गच्चीवर घालतात ती डांबराची शीट आणतो. दोन थर घालू. आजच मिळते."

कुशनवाल्यानं तोंडातला दोरा काढला. "काका, ती गच्चीची आहे. वर वारा असतो, खाली माणूस बसत नाही. बंद गाडीत उन्हाला तिला घाम फुटेल. वास येईल असा की विचारू नका. शिवाय वजन बघा, नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"तू आवाज ऐकलायस," मिस्त्री म्हणाला. "मी आवाजात राहिलोय."

"राहिलात म्हणूनच तुम्हाला तो नीट ऐकू येत नाही," कुशनवाला सरळ बोलला. "मी डांबराला हात लावणार नाही. रबर मागवायचं असेल तर सांगा."

मिस्त्रीनं त्याला शेडबाहेर काढलं.

मग तो एकटा लागला. बत्तीनं शीट तापवायची, मऊ झाली की पत्र्यावर दाबायची, लाकडी रुळानं लाटायची. जमिनीला दोन थर, दारांच्या पोटात, सीटामागं, छतालासुद्धा. काम चोख. कुठं बुडबुडा नाही, कुठं सांध नाही. मिस्त्रीणबाई दुपारी येऊन शेडच्या दारात स्टुलावर बसायची. तिला आता सलग बोलवत नव्हतं, पण टोमणा कसा मारायचा ते ती विसरली नव्हती.

"गा... गाडी बुडेल," ती म्हणाली. "एवढं... वजन."

"पाण्यात कशाला न्यायची?"

"तळ्यावर... नेता ना."

काम संपलं त्या पहाटेच्या गारव्यात त्यानं गाडी एकट्यानंच रस्त्यावर काढली. आणि खरंच, गाडी दबली होती. इंजिन कुठंतरी दूर दुसऱ्याच्या घरी चालू असल्यासारखं. मिस्त्री मोठ्यानं हसला आणि त्याला स्वतःचं हसू ऐकू आलं. परत येताना त्यानं कुशनवाल्याच्या दुकानासमोरून मुद्दाम सावकाश गाडी नेली.

दुपारी त्यानं बायकोला बसवलं. शेडच्या पत्र्याखाली गाडी तापली होती, पण आनंदात त्याचं लक्ष नव्हतं. गावाबाहेर पडेस्तोवर वास सुरू झाला. रस्ता करतात तिथं येतो तसा, फक्त काचा बंद असलेल्या डब्यात. तिनं तोंडावर रुमाल धरला. छताचा एक काळा थेंब तिच्या बाहीवर पडला. मग तिला ठसका लागला आणि तो थांबेना. ज्या घशाला पाणी सांभाळत नव्हतं त्याला ती डांबराची वाफ कशी सांभाळणार? तिचे डोळे पांढरे झाले. मिस्त्रीनं गाडी थांबवून तिला उचलून बाहेर काढलं, रस्त्याकडेला गवतावर पालथं धरलं, पाठीवर थापा मारल्या. तिला श्वास आला तेव्हा कुठं त्यानं हात थांबवला.

संध्याकाळी लेक आली. तिनं आईची बाही बघितली, बापाकडे बघितलं.

"बाबा, त्या माणसानं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

"आणि तुम्ही शहाणे."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री कुशनवाल्याच्या दुकानात जाऊन उभा राहिला. कुशनवाला सीट शिवत होता. त्यानं वर बघितलं, मिस्त्रीचे काळे हात बघितले, आणि तोंडाशी आलेली टवाळी गिळली.

"मागवतो रबर," तो म्हणाला. "पण काका, आधी हे सगळं खरवडावं लागेल. एक कण राहिला तर उन्हात पुन्हा वास."

खरवडणं कशाला म्हणतात ते मिस्त्रीला तेव्हा कळलं. इतकं चोख लावलेलं ते, निघता निघेना. छन्नी तापवायची, एक चिरफळी काढायची, पुन्हा छन्नी तापवायची. मग रॉकेलनं पुसायचं, मग रॉकेलचा वास जावा म्हणून दारं उघडी टाकून साबणानं धुवायचं, मग वाळेपर्यंत थांबायचं, नाही तर पत्रा गंजतो. थंडी सरली. गाडी शेडमध्ये सोललेल्या फळासारखी उघडी पडून राहिली.

आणि तिकडं मिस्त्रीणबाईच्या तोंडातली अक्षरं एकेक करून गळत होती, म्हातारपणी दात पडावेत तशी. आधी र गेला. मग ल, मग ट आणि ड. लेकीला तिचं बोलणं अजून पुष्कळ समजायचं. ती एकदा म्हणाली, "आई, बाबांना काय सांगायचंय ते मला सांग ना. मी सांगते त्यांना." मिस्त्रीणबाईनं मान हलवली; नाही. लिहून दे म्हणावं तर तिची अक्षरओळख सहीपुरती, आणि आता बोटांनाही जोर नव्हता.

एका दुपारी ती शेडमध्ये आली, भिंत धरत. उघड्या पत्र्यात मिस्त्री गुडघ्यावर बसून छन्नी चालवत होता. तिनं गाडीच्या दाराला हात लावला.

"जा... ऊ," ती म्हणाली. "अशीच."

त्याला दोनदा विचारावं लागलं. मग कळलं. "अशीच? सीटा कुठं आहेत? बसशील कशावर?"

तिनं कोपऱ्यातल्या रॉकेलच्या डब्याकडे बोट केलं. ती हसत होती, पण थट्टा करत नव्हती. तिनं हातानं दाखवलं: बाहेर जाऊ, गाडी कडेला उभी करू, इंजिन बंद. मग सांगते.

एवढं सोपं होतं. पहिल्या दिवसापासून एवढं सोपं होतं. पण मिस्त्रीच्या तोंडून निघालं, "थोडं थांब गं. रबर येईलच आता. नीट करतो सगळं. चालत्या गाडीत, आपण जातो तसं."

तिनं त्याच्याकडे टक लावून बघितलं. इतक्या वर्षांनी तिनं त्याचा चेहरा वाचला, आणि तो आपला चेहरा झाकू शकला नाही.

"भि... भिता," ती म्हणाली. "तुम्ही."

तो छन्नीकडे बघत राहिला. खरं होतं ते. तापात तळमळणाऱ्या पोरानं बापासाठी काय ठेवलं असेल? बाबा का आले नाहीत, हेच ना? दुसरं काय असणार? जोवर गाडी तयार नव्हती तोवर ते ऐकायचं नव्हतं. डांबराचे दोन थर त्यानं आवाजावर घातले होते की त्या निरोपावर, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

"करतो लवकर," तो म्हणाला.

तिनं गाडीच्या दारावरून हात काढला आणि भिंत धरत घरी गेली.

त्यानंतर मिस्त्रीनं दिवस पाहिला नाही, रात्र पाहिली नाही. रबर आलं. कुशनवाला दुकान बंद ठेवून शेडमध्ये येऊन राहिल्यासारखाच राहिला. दोघं मिळून पत्रा ठोकत, मिस्त्री बोटानं आणि कुशनवाला कानानं. "इथं?" "नाही." "इथं?" "हं, इथं लावा." त्या पातळ पापुद्र्यानं घंटेसारखा वाजणारा पत्रा लाकडासारखा मुका व्हायचा. मिस्त्री बघत राहायचा आणि त्याला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटायची. भोकं बुजली, फोम पसरला, वर नमदा आला. नमद्याचे चार नमुने आणले होते. मिस्त्रीनं प्रत्येक नाकाशी धरून हुंगला, रात्रभर उशाशी ठेवून सकाळी पुन्हा हुंगला, आणि ज्याला कसलाच वास नव्हता तो घेतला.

"काकू बसतील ना आता?" कुशनवाल्यानं शेवटचा टाका घालताना विचारलं. टवाळीचा लवलेशही नव्हता.

"बसेल."

लेकीनं आईला धरून आणलं. ती काठीसारखी झाली होती. ओठ सैल, एका कोपऱ्यातून लाळ, तिच्या हातात त्यासाठी रुमाल. पण तिनं केस विंचरून घेतले होते आणि ठेवणीतले कपडे घातले होते. लेक मागं बसायला निघाली, तर तिनं हात आडवा केला. दोघंच.

"बरं बाई, जा," लेक म्हणाली. "बाबा, ठसका लागला तर पुढं वाकवून धरा. विसरू नका."

मिस्त्रीनं दार लावलं. धप्प असा मऊ आवाज झाला आणि गल्ली बाहेर राहिली. त्यानं किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आहे की नाही ते बघायला त्याला काट्याकडे बघावं लागलं.

गाव मागं पडलं. सपाट रस्ता, दोन्हीकडे मोकळी रानं. गाडीत तिचा श्वास ऐकू येत होता. बाहेरून एक ट्रक गेला तो स्वप्नात गेल्यासारखा. मिस्त्रीनं डोळे रस्त्यावर ठेवले. तिनंही ठेवले.

आणि ती बोलायला लागली.

आवाज होता. बारीक, ओला, नाकातून येणारा, पण होता. त्यातला चढ न् उतार त्याच्या कानावर येत होता, कुठंच काही अडत नव्हतं. फक्त त्यात अक्षरं उरली नव्हती. व्यंजनं सगळी गळून गेली होती, नुसते स्वर लांबच लांब वाहत होते, दाणा निघून गेलेल्या कणसासारखे. मिस्त्रीनं कान दिला. आधी वाटलं, सुरुवात आहे, थोड्या वेळानं लागेल. मग त्यानं नजर चोरून तिच्या ओठांकडे बघितलं. ओठ हलतच नव्हते म्हटलं तरी चालेल.

"काय?" हा शब्द त्याच्या जिभेवर आला. पण तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तो शब्द त्यानं दातांखाली धरला. ती सांगत होती. इतकी वर्षं छातीत धरलेलं ती एकेक ओढून बाहेर काढत होती, घाम पुसत, लाळ पुसत, दम घेत. एकदा सांगायलाच तिचा सगळा जीव लागत होता. पुन्हा सांग कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"हं," तो म्हणाला. "हं."

त्याला गोष्टीचा आकार कळत होता. इथं ती घाबरली. इथं दाराकडे धावली. इथं कुणालातरी हाक मारली. इथं थांबली, फार वेळ थांबली. आणि मग तिचा आवाज एकदम बदलला; लहान झाला, उंच झाला, पातळ झाला. जावयाची नक्कल करायची तशीच, पण किती हळुवार. आता तो बोलत होता. त्याचा चिमण बोलत होता, त्याच्या शेजारी, या गाडीत, बापाला काहीतरी सांगत होता, आणि ते छोटंसं होतं, चार-पाच शब्दांचं. रागाचं होतं की लाडाचं? सूर वर गेला आणि अलगद खाली आला. त्यात बाबा होतं का? असावं. मिस्त्रीनं आपले सगळे प्राण कानांत आणले. गाडी गप्प होती. सगळं जग गप्प होतं. त्याला मुलाचा सूर ऐकू आला, शब्द आले नाहीत.

तिनं तेच पुन्हा एकदा म्हटलं, त्याच पोराच्या बारीक आवाजात. मग ती थांबली.

रस्ता सरत होता. तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या आवाजात काहीतरी विचारलं. प्रश्नच होता तो. शेवट वर उचललेला होता. ती उत्तराची वाट बघत होती. तिचे डोळे त्याच्या गालावर लागलेले त्याला समजत होते.

काय विचारलं होतं तिनं? तुम्हाला माहीत होतं का? तुम्ही माझ्यावर रागावलात का, इतके दिवस सांगितलं नाही म्हणून? त्यानं आपल्याला माफ केलं असेल का? हो म्हणावं असं विचारलं होतं, की नाही म्हणावं असं?

तळ्याकडे जाणारं वळण आलं. मिस्त्रीनं गाडी वळवली, गिअर बदलला.

"हो," तो म्हणाला.

ती बघत राहिली. मग तिनं सावकाश मान सीटच्या पाठीला टेकवली आणि डोळे मिटले. मिटल्या पापण्यांतून पाणी आलं आणि गालांवरून खाली आलं. तिनं ते पुसलं नाही. ते कशाचं होतं, ते त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि पावसाळ्याआधी ती गेली तेव्हाही कळलं नव्हतं. तिचा हात रुमालासकट दोघांच्या मधल्या मऊ नमद्यावर पडला होता. मिस्त्रीनं गिअरवरचा हात काढून त्यावर ठेवला, आणि तळं आलं तरी गाडी थांबवली नाही.